चार गठ्ठे, त्यात आठ मतं कमी

१९९५ साली मतपत्रिका कागदाच्या होत्या. मोजणीच्या टेबलावर त्यांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे, रबर चढवायचं आणि ज्याचे त्याच्या खणात टाकायचे. मी मास्तर माणूस, ही ड्यूटी नोकरीभर केली. ज्यानं ती एकदा केलीय त्याच्या बोटांना पन्नासच्या गठ्ठ्याची जाडी न मोजता कळते. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख हरले ते १९२ मतांनी. म्हणजे चार गठ्ठे, आणि त्यातही आठ मतं कमी. एका हातात मावतील.

सत्त्याण्णव माणसं इकडची तिकडं झाली असती तर निकाल फिरला असता. आमच्याकडं साखरपुड्यालाही याहून जास्त पानं उठतात.

गणपतराव २०२१ च्या ३० जुलैला गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तेव्हापासून दर पुण्यतिथीला मोबाइलवर तोच मजकूर फिरतो: एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, एकाच पक्षाचा झेंडा, एसटीनं प्रवास, साधी राहणी. हे सगळं खरंच आहे. मात्र त्याच मजकुरात कुणीतरी ‘अपराजित’ हा शब्द घुसडलेला असतो, तो खोटा आहे. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, दोनदा हरले. १९६२ आणि १९६७ ला जिंकल्यावर १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना पाडलं. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले, आणि १९७८, १९८०, १९८५, १९९० असे ओळीनं निवडून आले. मग १९९५ ला काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांनी पाडलं. पुढं १९९९, २००४, २००९ आणि २०१४. बेरीज अकरा.

‘देशातला विक्रम’ हेही जरा जपून म्हणावं. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून तेरा वेळा निवडून आले आणि हयातीत एकदाही हरले नाहीत. आपल्या माणसाला मोठं करायला दुसऱ्याचा हिशेब पुसायची गरज नाही.

पण माझा मुद्दा विक्रमाचा नाही. सांगोल्याचं कौतुक आपण जिंकणाऱ्यामुळं करतो. मला वाटतं, ते हरणाऱ्यामुळं करायला हवं. महाराष्ट्रात असे थोडेच मतदारसंघ उरलेत जिथं हरलेला माणूस हरलेलाच राहिला, उठून पुन्हा त्याच अंगणात उभा राहिला, आणि त्यामुळं जिंकलेल्याला पाच वर्षं पाय पसरून झोपता आलं नाही. आज ही जातच संपवायची पद्धत पडलीय. हरवायचं नाही, घरात घ्यायचं. पक्षप्रवेश, समझोता, ‘ॲडजस्टमेंट’, बिनविरोध. नावं वेगळी, काम एकच.

आधी सांगोला म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून आलेल्या एका फोनमुळं कळलं. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शहाजीबापूंचं वाक्य सगळ्या राज्यानं हसत ऐकलं. आम्ही पण हसलो. पण माणदेशातल्या माणसाला हिरवी झाडी बघून तोंडातून असं निघतं, त्यात नवल वाटण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळू दाखवत पडलेली. खिलार बैल, ज्वारी, बोरं आणि नंतर डाळिंब. डाळिंबानं काही वर्षं तालुक्याला पैसा दाखवला. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच बंगालकडं सुटली. मग तेल्या आणि मर हे रोग आणि खोडाला भोकं पाडणारी कीड आली, आणि कित्येकांनी उभ्या बागा जेसीबीनं काढल्या. दुष्काळाच्या वर्षी चारा छावण्या. इथल्या राजकारणाचा विषय साठ वर्षं एकच आहे, पाणी. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा ही पाण्याच्या योजनांची नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात.

(एक गंमत म्हणून: १७५० साली साताऱ्याचे छत्रपती रामराजे यांच्या कारभाराची सूत्रं पेशव्यांच्या हाती गेली तो करार याच सांगोल्यात झाला. म्हणजे सत्ता इकडून तिकडं जाणं या गावाला नवं नाही. फक्त त्या वेळी रयतेला कुणी विचारलं नव्हतं.)

आमच्या पंढरपूर तालुक्यातली भाळवणी भागातली गावं पुनर्रचनेनंतर २००९ ला सांगोला मतदारसंघात आली. त्याआधी आमचा आमदार पंढरपूरचा असायचा. सांगोल्यात आल्यावर पहिला फरक काय जाणवला असेल, तर तिथं राजकारणाला दोन दारं होती. एका दारात काम झालं नाही तर माणूस दुसऱ्या दारात जाऊन बसायचा. आणि पहिल्या दारातल्याला ते संध्याकाळपर्यंत कळायचं. बास. लोकशाहीवर मी वर्गात पंचवीस वर्षं जे शिकवलं त्यातलं निम्मं एवढ्यात येतं.

आता कुणी म्हणेल, सांगोल्यात जातीचं गणित होतं, त्यात काय एवढं. होतं ना. धनगर समाजाची मतं मोठी आहेत, गणपतराव त्या समाजाचे होते, आणि समोरचे दोन्ही विरोधक पाटील. सोलापूरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे गणित फुकट मिळतं. पण ते गणित १९९० ला होतं तसंच १९९५ लाही होतं. पाच वर्षांत जाती बदलल्या नव्हत्या, निकाल बदलला. ते साल आठवा. राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, युतीचं सरकार आलं, अपक्षांची फौज निवडून आली. आणि नेमक्या त्या साली, जेव्हा सगळा महाराष्ट्र काँग्रेसला पाडत होता, तेव्हा सांगोल्यानं काँग्रेसचा माणूस निवडून दिला. वाऱ्याच्या उलट. जे लोक जातीवर आणि लाटेवर सगळं मोजतात त्यांच्या तागडीत सांगोला कधी बसलाच नाही.

गणपतरावांचं मोठेपण मी नाकारत नाही. मूळ मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा वकील, शेकापचा लाल झेंडा घेऊन परक्या तालुक्यात उभा राहिला आणि तिथलाच झाला. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आणि १९९९ ला आघाडीच्या मंत्रिमंडळात मंत्री होऊन आला. सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवूनही दाखवली, ही दुसरी गोष्ट जास्त अवघड असते. पण मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात शिकण्यासारखी वर्षं वाटतात ती आमदार नसतानाची. १९७२ ला ते हरले, आणि त्याच साली मोठा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला जात होते, सुकडी खात होते. तो दुष्काळ त्यांनी आमदारकीशिवाय काढला, आणि १९७४ ला त्याच लोकांपुढं पुन्हा मत मागायला उभे राहिले. दुसरी हार झाली १९९५ ला. त्याच्या दोन वर्षं आधी आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली होती, कृष्णेचं पाणी माणदेशाला मिळावं म्हणून. गणपतराव त्यात पुढं होते. आमदारकी गेल्यावर ते काम थांबलं नाही. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं तेव्हा हा माणूस सभागृहात नव्हता, पण पाण्याचा हिशेब मागणाऱ्यांत होता.

पडल्यावर माणूस काय करतो, ते या वर्षांत दिसतं. आणि ते दिसायला आधी पडावं लागतं.

तिकडं शहाजीबापूंची गोष्ट बघा. १९९५ ला जिंकले, १९९९ ला हरले. तिथून पुढं पुन्हा पुन्हा उभे राहिले आणि हरले. २०१४ ला शिवसेनेकडून उभे राहिले, पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी हरले. २०१९ ला गणपतरावांनी वयामुळं माघार घेतली, नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले, आणि शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. चोवीस वर्षांनी. दोघांना मिळून दोन लाखांच्या जवळपास मतं, आणि फरक ७६८ चा.

त्या निवडणुकीतली एक बारीक गोष्ट सांगतो. मी २०१९ ला बाहेरच्या मतदारसंघात ड्यूटीवर होतो, कारण मतदान कर्मचाऱ्याला स्वतःच्या मतदारसंघात ठेवत नाहीत. म्हणजे माझं मत टपालानं. टपाली मतपत्रिकेचं एक लफडं असतं. मत आतल्या पाकिटात, आणि सोबत १३-अ नावाचं घोषणापत्र, त्यावर आपली सही आणि राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही. ती राहिली की आतलं पाकीट उघडतसुद्धा नाहीत, मत बाद. आमच्यातले एक मास्तर निकालाच्या रात्री आठवू लागले, आपण सही घेतली होती का नाही. सकाळपर्यंत आठवेना. त्यांनी मत कुणाला दिलं होतं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण साठीला आलेला माणूस एका सहीसाठी रात्रभर जागा राहतो, हे मी दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात बघितलेलं नाही. जिथं निकाल ठरलेलाच असतो तिथं १३-अ कोण आठवतो?

२०२४ ला गाडी परत फिरली. गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले, शहाजीबापू शिंदे गटाकडून, आणि दीपकआबा साळुंखे ठाकरे गटाकडून. तिरंगी. बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी आले. सगळ्या महाराष्ट्रात शेकापची ती एकच जागा.

इथं माझ्या म्हणण्याला दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही.

पहिली घराणेशाहीची. आजोबांनंतर एक नातू, मग दुसरा नातू. ज्या पक्षानं सरंजामदारीविरुद्ध शेतकरी-कामकरी उभा केला, त्याला साठ वर्षांत सांगोल्यात देशमुखांच्या घराबाहेर उमेदवार सापडला नाही, हे मला बोचतं. तरी एक फरक आहे. वारसा मिळतो तो उमेदवारीचा, जागेचा नाही. पहिल्या नातवाला लोकांनी परत पाठवलं. आजोबा तेव्हा हयात होते, सगळं वलय शाबूत होतं, तरी पाठवलं. बारामतीत १९६७ ते २०२४ या सगळ्या काळात पवारांच्या घराबाहेरचा आमदार झाला नाही. तिथं कामं झाली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पण तिथल्या मतदाराला कधी सत्त्याण्णव माणसांचा हिशेब करावा लागला नाही. पालात मात्र सांगोल्यासारखंच झालं. मणी गेल्यावर २०१९ च्या पोटनिवडणुकीत ती जागा मणी सी. कप्पन यांनी घेतली, आणि हे कप्पन त्याआधी तीनदा के. एम. मणींकडून हरलेले होते. तीनदा हरून चौथ्यांदा अर्ज भरणारा माणूस तिथं होता म्हणून लोकांपुढं पर्याय होता. तो नसता तर निवडणूक म्हणजे श्रद्धांजली सभाच झाली असती.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. समझोते काय सांगोल्यात झाले नाहीत? झाले. साळुंखे गटाची साथ कधी देशमुखांना होती, २०१९ ला शहाजीबापूंना होती, आणि २०२४ ला ते स्वतःच उभे राहिले. गणपतराव स्वतः आघाडीत मंत्री होते. शहाजीबापूंनी तर काँग्रेस, शिवसेना, मग शिंदे गट असा झेंड्यांचा सगळा बाजार बघितला. मग मी कुठल्या निष्ठेच्या गप्पा मारतोय? मी निष्ठेबद्दल बोलतच नाहीये. झेंडा बदलणं वेगळं आणि समोरची बाजू सोडून त्याच ताटात बसणं वेगळं. शहाजीबापूंनी वरचा झेंडा कितीदा बदलला ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण सांगोल्यात ते देशमुखांच्या समोर उभे राहायचे ते राहिलेच. मतदाराच्या बाजूनं बघितलं तर हेच महत्त्वाचं. त्याला निवडायला दोन माणसं मिळाली.

आता हे बाकी ठिकाणी कसं चाललंय ते बघा. पुण्यातल्या कसब्यात गिरीश बापट १९९५ पासून पाच वेळा आमदार. रवींद्र धंगेकर तिथं त्यांच्याविरुद्ध लढून हरलेले, चिकट माणूस. २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून उभे राहिले आणि हेमंत रासनेंना पाडून जिंकले, साऱ्या राज्यात गाजलं. दीड वर्षानं २०२४ ला रासनेंनी त्यांना पाडलं. इथपर्यंत सगळं सांगोल्यासारखंच, उलट सुंदर. मग २०२५ च्या मार्चमध्ये धंगेकर शिंदे गटात गेले, म्हणजे ज्यांनी हरवलं त्यांच्याच युतीत. ते भाजपवर अजून बोलतात, त्यांचं तोंड बंद झालं असं कुणी म्हणणार नाही. पण पुढच्या खेपेला कसब्याच्या मतदाराला मतयंत्रावर ही दोन नावं समोरासमोर दिसतील का, हे आता दुसरेच लोक ठरवणार.

इंदापूरची तर कमाल आहे. हर्षवर्धन पाटील २०१४ ला काँग्रेसमध्ये असताना दत्तात्रय भरणेंकडून हरले. २०१९ ला भाजपमध्ये गेले, पुन्हा भरणेंकडूनच हरले. २०२३ ला भरणे अजितदादांबरोबर सत्तेत आले, म्हणजे दोघं एकाच छत्रीखाली. शेवटी २०२४ ला पाटील शरद पवारांच्या पक्षात गेले तेव्हा कुठं त्यांना भरणेंच्या विरुद्ध उभं राहता आलं. एका तालुक्यात विरोधक राहण्यासाठी माणसाला तीन घरं बदलावी लागतात! यात पाटलांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ही गंमत त्यांच्या एकट्याच्या स्वभावातून आलेली नाही.

हरलेला माणूस का जातो? लोभ, ईडी, कारखान्याचं कर्ज, ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत आणि त्यात तथ्यही असतं. पण खाली, तालुक्याच्या पातळीवर, कारण याहून साधं आहे. ट्रान्सफॉर्मर जळाला, आम्ही त्याला डीपी म्हणतो. नवा डीपी लवकर यावा म्हणून पत्र कुणाचं लागतं? आमदाराचं. सिंचन विहिरीची फाइल, वस्तीचा रस्ता, टँकरची खेप, दवाखान्यातली खाट, पत्र कुणाचं? आमदाराचा स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटी आहे. त्यापलीकडं जिल्हा नियोजनाचा पैसा पालकमंत्र्याच्या हातात. हरलेल्याकडं काय आहे? लेटरहेडसुद्धा ‘माजी’चं, आणि कधीच न जिंकलेल्याकडं तेही नाही. ज्या लाखभर लोकांनी त्याला मत दिलं त्यांचे डीपी जळत नाहीत काय? ते येतात, दारात बसतात. पहिलं वर्ष तो फोन करतो, दुसऱ्या वर्षी तहसीलमध्ये फोन उचलत नाहीत, तिसऱ्या वर्षी कार्यकर्ते म्हणतात, ‘बापू, कायतरी बघा आता, पोरं टिकंनात.’ मग तो बघतो. आणि पेपरात छापून येतं, ‘विकासासाठी प्रवेश’.

म्हणजे जोवर साधा डीपी हा हक्क नसून मेहरबानी आहे, तोवर विरोधकाला एक तर उपाशी मरायचं नाहीतर पंगतीत बसायचं. पक्षांतरबंदीचा कायदा निवडून आलेल्याला लागू आहे. हरलेल्याला तो लागू नाही, आणि लागू करताही येणार नाही. इलाज कायद्यात नाही, पत्रात आहे. ज्या कामाला नियम आहे, यादी आहे, पात्रता आहे, त्याला आमदाराच्या शिफारशीचा कागद लागूच नये. जळालेला डीपी किती दिवसांत बदलायचा हे ठरलेलं असेल आणि तसं खरंच होत असेल, तर त्यासाठी कुणाचा उंबरा झिजवायची गरज काय? आमदाराचं काम कायदा करणं आणि सरकारला जाब विचारणं. आपण त्याला तालुक्याचा मुकादम करून ठेवलाय, आणि मग तक्रार करतो की विरोधी मुकादम टिकत नाही.

निधीचंही तसंच. पाच कोटींतला पैसा कुठल्या गावाला किती गेला हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून लावा, शेजारी त्या गावानं कुणाला किती मतं दिली तेही लावा. माझं असं ठाम मत आहे की एवढ्या दोन आकड्यांनी जेवढी लाज वाटेल तेवढी कुठल्याच चौकशी समितीनं वाटणार नाही.

आणि या सगळ्या प्रकाराचं टोक म्हणजे बिनविरोध. हा शब्द आपल्याकडं इतका गोड मानला जातो की त्यावर टीका केली तर माणूस भांडखोर ठरतो. ‘गावात एकी आहे’, ‘खर्च वाचला’, ‘भाऊबंदकी नको’. भाऊबंदकी खोटी नाही, मी बघितलीय. निवडणुकीनंतर दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घरं आहेत, बांधावरून डोकी फुटलेली आहेत. सांगोल्यातही गट म्हणजे गट, चहाची टपरीसुद्धा वेगळी. त्याची किंमत लोक मोजतात. पण एकीच्या नावाखाली काय चालतं तेही बघा. २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं पदांचा चक्क लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगानं त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या. बोली लागली की विरोध राहत नाही, हे खरंच. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले, आणि लाखो मतदारांचं मतदान झालंच नाही. आपल्याकडं स्थानिक निवडणुकांत २०१८ पासून ‘नोटा’ला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची असं ठरलंय, चांगलंच आहे. पण बिनविरोध झालं की ते बटणच मतदारापुढं येत नाही. ‘यातला कुणीच नको’ एवढं म्हणायलाही समोर किमान दोघं असावे लागतात.

त्याच जानेवारीतली आमच्या गावाची गोष्ट. अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता चांगला कर्ता झालाय, दोन ट्रॅक्टर आहेत. म्हणाला, ‘सर, गाव बिनविरोध करायचं ठरलंय. वरून निधी पण जास्त मिळंल म्हणत्यात. फक्त तीन नंबरच्या वॉर्डात एक बाई अर्ज मागं घेईना. तुमचं ऐकतील, तुमच्या हाताखाली पोरं शिकल्यात त्यांची. जरा सांगा.’

मी विचारलं, ‘का घेईना?’

‘म्हणती, पाइपलाइन आमच्या वस्तीपर्यंत आली नाही तीन वर्षं. निवडून येणार नाही ते तिला पण माहिताय. पण घेईना.’

मी म्हटलं, मी नाही सांगणार. तो जरा नाराज झाला. चहा प्याला, उठला, दारात थांबून म्हणाला, ‘सर, ही हरणारच आहे. उगं पोलिंग लावायला लावायची सगळ्यांना एका बाईपायी.’

झालं पोलिंग. त्या एकाच वॉर्डात. बाई ३१ मतांनी हरल्या. पाइपलाइनचे पाइप मे महिन्यात वस्तीवर येऊन पडले. अजून जोडलेले नाहीत, पण पडलेत. त्या बाई येता-जाता ते मोजतात, असं माझा विद्यार्थीच मला सांगत होता, जरा वैतागून.